सर सालारजंग आणि आपला जिल्हा
(जळकोट येथील केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अब्राहम लिंकन यांनी आपल्या मुलाच्या मुख्याध्यापकांस लिहिलेले म्हणून जे पत्र प्रसिद्ध आहे, ते शाळाभेटीच्या वेळी पुष्कळ वर्गांच्या भिंतींवर लावलेले माझ्या दृष्टीस पडते. वसंत बापट यांनी त्यास मराठी रूप दिले आणि ते महाराष्ट्रभर पोहोचले. पत्रातील विचार उत्तम आहेत. तथापि ते लिंकन यांनीच लिहिले याला संशोधकांस पुरावा सापडलेला नाही, हेही शिक्षकाने जाणून असावे. तक्ता भिंतीवरून काढा असे मी म्हणत नाही; कोणी विद्यार्थ्याने विचारले तर खरे सांगा, एवढेच म्हणतो.

लिंकन यांचे नाव काढण्याचे कारण मात्र निराळे आहे. एप्रिल १८६५ मध्ये त्यांची हत्या झाली. त्याच १८६५ साली हैदराबाद संस्थानाच्या दिवाणांनी राज्याची जिल्हाबंदी केली. आपला विद्यार्थी वहीच्या पहिल्या पानावर नाव, गाव, तालुका, जिल्हा असे क्रमाने लिहितो. त्या ओळींतील तालुका आणि जिल्हा यांची जी घडी या भागात बसली, तिच्यामागे या दिवाणांचा हात आहे. लिंकन आपल्या मुलांस ठाऊक आहेत. हे गृहस्थ ठाऊक नाहीत. त्यांचे नाव मीर तुराब अली खान, अर्थात सर सालारजंग पहिले. आज मी त्यांच्याविषयी बोलणार आहे.

सहलीसाठी हैदराबादेस गेलेल्या शिक्षकांनी सालारजंग संग्रहालय पाहिले असेल. तेथील बहुतांश संग्रह त्यांच्या नातवाचा, म्हणजे तिसऱ्या सालारजंगांचा. मुले ज्या मूर्तीपुढे थबकतात ती बुरख्यातील रिबेकाची संगमरवरी मूर्ती मात्र आजोबांनी १८७६ च्या युरोपप्रवासात घेतली होती. या प्रवासाकडे आपण पुढे येणारच आहोत.

प्रारंभीच एक शंका दूर करणे अवश्य आहे. आपल्या भागात निजामी राजवट म्हटले की रझाकारांची आठवण होते, आणि ती होणे स्वाभाविक आहे. ज्या घरांनी १९४७-४८ चे दिवस सोसले, त्या घरांतील मुले आपल्या वर्गात बसतात. परंतु सालारजंग १८८३ मध्ये वारले; रझाकारांचा काळ त्यानंतर साठाहून अधिक वर्षांनी आला. दोन्ही गोष्टी एकाच पिशवीत भरून तिचे तोंड बांधून टाकणे, हे इतिहास शिकविणे नव्हे. त्यांची स्तुती करण्यासाठी मी येथे उभा नाही. त्यांच्या हातून काही अशाही गोष्टी घडल्या की ज्यांविषयी आजही दोन मते होतील, आणि त्याही मी सांगणार आहे.

सालारजंगांचा जन्म २१ जानेवारी १८२९ चा. त्यांचे पूर्वज प्रथम विजापूरच्या आदिलशाहीच्या चाकरीत, नंतर मोगलांच्या आणि अखेरीस निजामाच्या चाकरीत होते. ज्या आदिलशाहीत नळदुर्गाचा पाणीमहाल बांधला गेला, तीच ही आदिलशाही. मीर आलम, मुनीर-उल-मुल्क, सिराज-उल-मुल्क असे त्यांच्या घराण्यातील पुरुष हैदराबादचे दिवाण होऊन गेले. सिराज-उल-मुल्क हे त्यांचे चुलते. मे १८५३ मध्ये चुलत्यांचे निधन झाले आणि दिवाणगिरीची वस्त्रे चोवीस वर्षांच्या तुराब अलींच्या अंगावर आली.

अंगावर आली असे मी जाणून म्हणतो, कारण त्या वेळी ते पद हा मान कमी आणि ओझे अधिक, असा प्रकार होता. ब्रिटिशांच्या देखरेखीखाली ‘हैदराबाद कंटिंजंट’ या नावाची एक फौज होती. तिचा खर्च निजामाने सोसावयाचा, हुकूम मात्र इंग्रज अधिकाऱ्यांचा. हा खर्च थकत गेला व कंपनीचे कर्ज वाढत गेले. लॉर्ड डलहौसी गव्हर्नर जनरल असताना, मे १८५३ च्या तहाने या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दोआब आणि नळदुर्ग अर्थात धाराशिवचा मुलूख कंपनीच्या कारभाराखाली गेला. तहावर शाई वाळते न वाळते तोच सिराज-उल-मुल्क वारले. पुतण्याने दिवाणगिरी हाती घेतली तेव्हा राज्याचा सुपीक भाग गेलेला होता, आणि त्या गेलेल्या भागात आपला मुलूख होता.

येथे क्षणभर थांबून आपल्या पायाखालच्या जमिनीकडे पाहू. आपण बसलो आहोत ते जळकोट तुळजापूर तालुक्यातील. लातूर जिल्ह्यातील जळकोट तालुका वेगळा. नळदुर्गाहून पूर्वेस हैदराबादेकडे जाणाऱ्या मार्गावरचे हे गाव. १८५३ मध्ये या मुलखावर डेप्युटी कमिशनर म्हणून मेडोज टेलर यांची नेमणूक झाली आणि त्यांनी नळदुर्गास कचेरी थाटली. ठगांवरील कादंबरीमुळे प्रसिद्ध झालेले टेलर ते हेच. त्यांनी येथे जमिनीची मोजणी आरंभिली, रस्त्यांकडे लक्ष दिले, रयतेकडून वसूल थेट घेण्याची घडी घातली. त्यांचे आत्मचरित्र त्यांच्या मृत्यूनंतर १८७७ मध्ये प्रसिद्ध झाले; त्यात आपल्या भागाची वर्णने आहेत. इंग्रजी वाचणाऱ्या शिक्षकांनी ते अवश्य पाहावे. मात्र लिहिणारा राज्यकर्त्यांच्या बाजूचा आहे, याचे भान ठेवावे.

उरलेल्या निजामी मुलखात त्या वेळी कारभार कसा चाले? वसुलाचा इजारा दिला जाई. इजारदार सरकारास ठराविक रक्कम देई आणि रयतेकडून जेवढी काढता येईल तेवढी काढी. सावकारांनी सरकारास कर्ज द्यावे आणि त्यापोटी परगणे गहाण घ्यावेत. अरब जमादारांच्या पगाराची थकबाकी राहावी आणि त्यांनीही गढ्या व मुलूख अडकवून बसावे, असा तो प्रकार होता. टाकसाळीही एकाहून अधिक; एका गावचा रुपया दुसऱ्या गावी बट्ट्याने चाले. अशा राज्यात दिवाण म्हणजे देणेकऱ्यांच्या दारात उभा असलेला कारकून.

तरुण सालारजंगांनी जे काम हाती घेतले त्यात नाट्य नाही, म्हणून पाठ्यपुस्तकांस त्याचे आकर्षण वाटत नसावे. त्यांनी हिशेब मागितले. गहाण पडलेला मुलूख कर्जाची फेड करीत थोडा थोडा सोडवून घेतला. इजारदारांच्या जागी पगारी तालुकदार नेमण्यास आरंभ केला. निरनिराळ्या टाकसाळी बंद करून हैदराबादेस एक सरकारी टाकसाळ चालविली व हाली सिक्का सुरू केला. ‘हाली’ हा शब्द आपल्याकडील वृद्धांनी आपल्या आईबापांच्या तोंडून ऐकलेला असतो. अशा वृद्धास वर्गात बोलावून विचारावे, असे मी सुचवितो.

आता १८५७ कडे वळू. याच ठिकाणी शिक्षकाची खरी परीक्षा आहे.

मे १८५७ च्या मध्यास निजाम नासिरुद्दौला वारले आणि अफजलुद्दौला गादीवर आले. त्याच सुमारास उत्तरेकडील उठावाच्या वार्ता हैदराबादेस पोहोचू लागल्या. शहरात अस्वस्थता पसरली. १७ जुलै रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली जमावाने ब्रिटिश रेसिडेन्सीवर हल्ला केला. तो परतविला गेला. तुर्रेबाज खान पुढे मारले गेले व मौलवींस अंदमानात धाडण्यात आले. दिवाणांनी ब्रिटिशांची बाजू धरली. दख्खनमधील हे सर्वांत मोठे संस्थान उठावात सामील झाले असते तर मद्रास व मुंबई इलाख्यांतही वणवा पसरला असता, ही भीती ब्रिटिशांना होती. तो पसरला नाही, याचे एक मोठे कारण सालारजंग.

याहून जवळची आणि अधिक कठीण गोष्ट सुरापूरची आहे. सुरापूर हे आजच्या कर्नाटकातील यादगीर जिल्ह्यात येते. तेथील बेरड राजा वेंकटप्पा नायक याच्या बालपणी संस्थानचा कारभार ज्या इंग्रजाने पाहिला, ते हेच मेडोज टेलर. सुरापूरचे काम संपवून ते नळदुर्गास आले होते. १८५८ च्या आरंभी या तरुण राजाने ब्रिटिशांविरुद्ध शस्त्र उचलले. पराभव होताच तो हैदराबादेस आश्रयाला गेला. तेथे सालारजंगांच्या माणसांनी त्यास पकडले आणि रेसिडेंटच्या हवाली केले. फाशीची शिक्षा कमी होऊन कारावासाची झाली. परंतु नेले जात असतानाच पिस्तुलाच्या गोळीने त्याचा अंत झाला. त्याने ती स्वतःच झाडून घेतली, असे टेलर यांच्या आत्मचरित्रात आहे.

आणि १८६० चा तह पाहा. ब्रिटिशांनी निजामास काय दिले? पन्नास लाखांचे कर्ज माफ केले, रायचूर दोआब परत दिला, धाराशिव अर्थात नळदुर्गचा मुलूख परत दिला, आणि सुरापूरचे संस्थानही दिले. म्हणजे आपला जिल्हा ज्या कागदाने परत आला, त्याच कागदावर वेंकटप्पाचे राज्यही आहे. सातवीच्या वर्गात ही गोष्ट सांगितली तर एखादा मुलगा विचारील, “गुरुजी, मग ते चांगले होते की वाईट?” त्या वेळी घाईने उत्तर देऊ नये. दिवाणांपुढे कोणते मार्ग होते ते मुलांस सांगावे. कंटिंजंट फौज इंग्रजांच्या हुकुमात, बोलारम व सिकंदराबादेस इंग्रजांच्या छावण्या, तिजोरी रिकामी. उठावात सामील होऊन राज्य गमवावे, की न होऊन राखावे? त्यांनी राखण्याचा मार्ग धरला. माझे स्वतःचे मत विचाराल तर, रेसिडेन्सीचे रक्षण हे मी एका दिवाणाचे राजकारण समजू शकतो. आश्रयास आलेल्या तरुणास हवाली करणे मात्र मनास खटकते. आपले मत निराळे असू शकेल.

मुलूख परत आला तेव्हा टेलर आदींनी घातलेली घडी मोडून पुन्हा इजारा सुरू करणे सोपे होते. इजारा मागणारे हैदराबादेस पुष्कळ होते. सालारजंगांनी ती मोडली नाही. हा त्यांचा निर्णय मी फार मोठा मानतो. परत मिळालेल्या मुलखातील पद्धतच पुढे उरलेल्या राज्यास उपयोगी पडली आणि १८६५ ची जिल्हाबंदी त्याच धर्तीवर झाली. जिल्ह्यावर अव्वल तालुकदार, त्यांच्या हाताखाली दुय्यम व सोम तालुकदार, तालुक्यावर तहसीलदार, गावी पाटील व पटवारी, अशी उतरंड ठरली. तालुकदार शब्दाने गोंधळून जाऊ नये. हैदराबाद राज्यात अव्वल तालुकदार म्हणजे आजचे जिल्हाधिकारी. १८७५ नंतर मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीच्या मोजणीचे कामही मराठवाड्यात सुरू झाले. जिल्ह्याचे नाव व ठिकाण नळदुर्ग असे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ठिकाण धाराशिवला गेले, मीर उस्मान अली खान यांच्यावरून त्यास उस्मानाबाद हे नाव मिळाले, आणि २०२३ मध्ये पुन्हा धाराशिव झाले.

१८६८ च्या सुमारास त्यांनी खातेवार मंत्री नेमले. महसूल, न्याय, पोलीस ही खाती स्वतंत्र होती, आणि चौथे ‘मुतफर्रिकात’, म्हणजे किरकोळ. शिक्षण त्या किरकोळ खात्यात होते. आपण हसलात, परंतु त्या काळी बहुतेक संस्थानांत ते किरकोळांतही नव्हते. हैदराबादेस दार-उल-उलूम ही संस्था त्यांनी दिवाणगिरीच्या पहिल्या काही वर्षांतच काढली. त्यानंतर तालुक्यांच्या ठिकाणी एक फारसी आणि एक देशी भाषेची शाळा असावी, असा हुकूम निघाला. देशी भाषा म्हणजे आपल्या भागात मराठी. हुकूम आणि शाळा यांत किती अंतर असते हे आपणांस सांगावयास नको. मुले थोडी, शिक्षक त्याहून थोडे, आणि मुलीचे नाव हजेरीवर येण्यास अजून बराच अवकाश होता.

भाषेच्या बाबतीत त्यांची दृष्टी मर्यादित होती, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. रयतेची भाषा मराठी, तेलुगू, कानडी; कचेरीची भाषा फारसी. ही फारसी त्यांनी अखेरपर्यंत टिकविली. त्यांच्या पश्चात १८८४ मध्ये तिच्या जागी उर्दू आली. म्हणजे शेतकऱ्यास आपल्याच जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे, ही स्थिती बदलली नाहीच. नव्या खात्यांसाठी शिकलेली माणसे हवीत म्हणून त्यांनी उत्तर हिंदुस्थानातून कर्तबगार अधिकारी आणले. त्यांतूनच पुढे मुल्की आणि गैरमुल्की हा वाद जन्मला आणि त्याचे पडसाद हैदराबादेत १९५२ पर्यंत उमटत राहिले. आपल्याच माणसांस शिकविण्यास वेळ लागतो; शिकलेली माणसे बाहेरून आणणे लवकर होते. दिवाणांस घाई होती.

त्यांच्या राजकारणात मतदार नव्हता, हे नागरिकशास्त्राच्या तासास लक्षात आणून द्यावे. लिंकन यांना निवडणूक लढवावी लागली. सालारजंगांस दोन माणसांची मर्जी राखावी लागे. एक निजाम आणि दुसरा रेसिडेंट. निजाम अफजलुद्दौला यांचा दिवाणांवर विश्वास नव्हता. हा इंग्रजांचा माणूस, अशी त्यांची समजूत. त्यांस पदावरून दूर करण्याचे प्रयत्नही झाले. शहराबाहेर जाण्यास दिवाणांस धन्याची परवानगी लागे. ज्या जिल्ह्यांची घडी त्यांनी बसविली त्यांत मोकळेपणाने फिरणेही त्यांच्या हाती नव्हते. १८५९ आणि १८६८ मध्ये त्यांच्यावर प्राणघातक हल्ले झाले. १८६९ मध्ये अफजलुद्दौला वारले व अवघ्या तीन वर्षांचे महबूब अली खान गादीवर आले; तेव्हा कोठे सह-पालक म्हणून सालारजंगांस हात मोकळे मिळाले. १८७४ मध्ये वाडीहून हैदराबादेपर्यंत लोहमार्ग झाला तो याच काळात. आपला जुना सोलापूर-हैदराबाद रस्ता त्यानंतर काहीसा मागे पडला असणार.

धन्याची बाजू अशी. तर दुसरी बाजू वऱ्हाडाने दुखावली. १८६० मध्ये नळदुर्ग परत मिळाला, परंतु वऱ्हाड मिळाले नाही. याचा आणि लिंकन यांच्या देशाचा संबंध आहे. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धात अमेरिकेचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, आणि हिंदुस्थानच्या कापसास सोन्याचे मोल आले. वऱ्हाडची काळी जमीन, खामगावची पेठ, मुंबईहून नागपूरकडे गेलेली आगगाडी. असा मुलूख कोण परत करील? सालारजंग मात्र अर्जांमागून अर्ज करीत राहिले. ज्यांनी १८५७ मध्ये साथ दिली त्यांनीच आता आपला मुलूख परत मागावा, हे सरकारास रुचेना.

१८७६ मध्ये ते इंग्लंडला गेले. वाटेत पॅरिसच्या मुक्कामी पडून त्यांच्या मांडीचे हाड मोडले. तशाच स्थितीत त्यांना पुढे नेण्यात आले. ऑक्सफर्ड विद्यापीठाने सन्मान्य पदवी दिली, लंडन शहराने नागरिकत्वाचा मान दिला, राणी व्हिक्टोरियांची भेट झाली. सर्व काही मिळाले. वऱ्हाड मिळाले नाही. परतल्यावर व्हाइसरॉय लिटन यांचा रोषच पदरी आला. १९०२ मध्ये कर्झन यांनी वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले तेव्हा सालारजंग हयात नव्हते. १९५६ मध्ये मराठवाडा हैदराबादेतून आणि वऱ्हाड मध्य प्रदेशातून निघून दोन्ही मुंबई राज्यात आले, आणि १९६० पासून दोन्ही महाराष्ट्रात आहेत.

८ फेब्रुवारी १८८३ रोजी पटकीच्या विकाराने, थोड्याच तासांच्या दुखण्याने, सालारजंगांचा अंत झाला. वय चौपन्न, त्यांतील तीस वर्षे दिवाणगिरीत गेली.

आता कामाचे बोलतो. हा विषय स्वतंत्र पाठ म्हणून घेण्याची आवश्यकता नाही. परिसर अभ्यासात व १८५७ च्या पाठाच्या वेळी दोन तासिका दिल्या तरी पुरेत. नळदुर्गाचा किल्ला दाखविण्यास मुलांस नेतो तेव्हा आदिलशाहीबरोबर १८५३ ते १८६० ही सात वर्षेही सांगावीत. नकाशावर नळदुर्ग, सुरापूर, रायचूर आणि खामगाव ही चार ठिकाणे मुलांकडून दाखवून घ्यावीत. तहाचा अर्थ नकाशाशिवाय त्यांस कळणार नाही.

पुढील परिषदेपूर्वी प्रत्येक शाळेने गावातील एखाद्या कुटुंबाकडे जुना महसुली कागद असल्यास तो त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या समक्ष पाहावा. त्यावरील अधिकाऱ्याचे पदनाम, गावाचे नाव व सन एवढेच उतरून आणावे. सन फसली असल्यास तसा उल्लेख करावा. फसली सनात ५९० मिळविले म्हणजे इसवी सन स्थूलमानाने निघतो. मूळ कागद घराबाहेर नेऊ नये व त्याची छायाचित्रे कोठेही पाठवू नयेत, कारण जमिनीचे वाद असतात. कागद उर्दूत वा मोडीत असल्यास तो वाचू शकणाऱ्या गावातील वयस्क व्यक्तीचे साहाय्य घ्यावे आणि त्या वेळी तीन-चार मुलांस जवळ बसवावे. टिपणे केंद्रप्रमुखांकडे द्यावीत.